बेळगावच्या खानापूरकडचं बंद घर, सरकारी पैसे मिळतात काय?

प्रश्न: आज्जाचं मातीचं घर धा वर्षं कुलूपबंद हाय, कौलं गळाल्यात, मागची भिंत फुगल्या. आम्ही पुण्यात. दुरुस्तीला अनुदान, लोन काय मिळतं सांगा की.

उत्तर: प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे १ लाख २० हजार बेघर नाहीतर कच्च्या घरात राहणाऱ्यांना. पुण्यात पक्का फ्लॅट असला तर विसरा.

उत्तर: लोनच बघा, पण आधी पंचायतीत ई-स्वत्तू (कर्नाटकात पंचायतीकडची घरजागेची ऑनलाइन नोंद) करा, त्याच्या नमुना ९ आणि ११ च्या उताऱ्यांशिवाय बँकवाले ऐकत नाहीत आणि घर अजून आज्जाच्याच नावावर असलं तर पयला वारसा नोंद, आमचं एका काकाच्या सहीसाठी दोन वर्षं अडकलंतं. कागद सगळे कन्नडात, वाचणारा माणूस संगं न्या.

प्रश्नकर्ता: फ्लॅट हाय की हो. आणि काका तीन हायत!

उत्तर: मग पावसाआधी कौलं तरी शाकारून घ्या.