शॉर्टवेव्ह रेडिओ: नऊशेचा डबा, पाच हजारांचा सेट की काहीच नको?

माळ्यावरचा:
बाबा 76 चे, एसटीतून रिटायर. त्यांचा जुना फिलिप्स पावसाळ्यात गेला तो गेलाच, इथे कराडात दुरुस्त करणारा माणूसच उरला नाही, जो होता त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. तेव्हापासून "एक रेडिओ बघ रे, शॉर्टवेव्हवाला" असं सुरू आहे. त्यांना काही छंद-बिंद जोपासायचा नाहीये हां, रात्री जेवण झालं की गच्चीत बसून काटा फिरवायचा, कुठलं तरी लांबचं स्टेशन लागलं की खूष, एवढंच.

तर दोन महिने डोकं खाऊन माझं मत असं झालंय की असल्या निवांत ऐकण्यासाठी टेकसनचा पीएल-310ईटी किंवा त्याच्या जवळपासचा डिजिटल सेट बास झाला. मला साधारण पाच हजारांत पडतोय. तीन पेन्सिल सेल, आकडे दाबून थेट स्टेशन लावता येतं, म्हाताऱ्या माणसाला कागदावर फ्रिक्वेन्सी लिहून दिली की झालं. एसएसबी (हौशी रेडिओवाल्यांचं वगैरे बोलणं नीट कळावं म्हणून लागणारी सोय) वगैरेच्या नादी लागू नये. आणि ते नऊशे रुपयांचे "12 बँड" लिहिलेले डबे तर अजिबात घेऊ नयेत. मी आधी तोच घेतला होता (कंपनीचं नाव सोडा). काटा केसभर हलला की स्टेशन गायब, आणि एकच चायनीज बाई दोन ठिकाणी बोलताना ऐकू यायची. बाबा म्हणाले जुळ्या आहेत का!

कोणाचं वेगळं मत असेल तर सांगा, ऑर्डर अजून दिलेली नाही.

उगाचच:
वेगळं मत आहे. घेऊच नका. नवरदेव पळून गेलाय आणि तुम्ही घोडा ठरवताय. रेडिओ ऑस्ट्रेलियाने शॉर्टवेव्ह बंद केलं 31 जानेवारी 2017 ला, बीबीसी हिंदीचं बंद झालं 31 जानेवारी 2020 ला (तारीख तीच, काय मुहूर्त आहे कोण जाणे), व्हॉइस ऑफ अमेरिका मार्च 2025 मध्ये गप्प झालं. बीबीसी मराठी 2017 ला आली ती थेट इंटरनेटवरच, शॉर्टवेव्हच्या वाटेलासुद्धा गेली नाही. मग बाबा ऐकणार काय, चायना रेडिओ? पाच हजारात चांगला ब्लूटूथ स्पीकर येतो, आकाशवाणीचं ॲप टाकून द्या, खरखर नाही काही नाही.

खरखरप्रेमी:
@उगाचच तुम्ही कधी शेवटचा काटा फिरवला होता ते सांगा आधी. बीबीसीचं इंग्रजी आपल्याकडे अजून छान येतं, चायना रेडिओ हिंदीतसुद्धा आहे, व्हॅटिकन आहे, उत्तर कोरियासुद्धा लागतं कधी कधी आणि त्याच्यासारखी करमणूक दुसरी नाही.

पण धागाकर्त्याशी पण माझं भांडण आहे. एसएसबी नको म्हणता, अहो आता शॉर्टवेव्हवर खरी गंमत तिथेच उरलीये! सकाळी 7000 ते 7200 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, गप्पा मारत असतात, साध्या सेटवर ते बदक बोलल्यासारखं येतं, एसएसबी असेल तर माणूस बोलतो. 6676 वर तासाच्या 25 आणि 55 मिनिटांनी मुंबईचं विमानांसाठीचं हवामान येतं, कुठे किती व्हिजिबिलिटी, वारा कसा, सगळं. पीएल-330 घ्या. दोन-तीन हजार जास्त जातील पण एसएसबी आहे, आणि बॅटरी बीएल-5सी, तीच आपली जुन्या नोकियाची, कुठल्याही मोबाईलच्या टपरीवर मिळते. किंवा एक्सएचडेटाचा डी-808, तो थोडा मोठा आहे आणि त्यात 18650 नावाचा रिचार्ज होणारा सेल लागतो.

माळ्यावरचा:
@खरखरप्रेमी 76 वर्षांच्या माणसाला मुंबईची व्हिजिबिलिटी कशाला हो, त्यांना कराडचं दिसलं तरी पुरे 😀 आणि एसएसबीमध्ये एक एक किलोहर्ट्झच्या आत बोटाने जुळवत बसायला लागतं, ते त्यांच्याकडून होणार नाही. तीन हजार त्यांच्यासाठी का माझ्यासाठी हा प्रश्न आहे. (माझ्यासाठी असेल तर हो.)

चिंचेखालचा:
सगळेजण सेटवर भांडताय, मूळ दुखण्याला कोणी हातच लावत नाहीये.

मी नऊशेच्या डब्याच्या बाजूने आहे, निदान दीड हजारांच्या. आणि त्या जुळ्या बायांचं कारण सांगतो, त्यात भूतबाधा काही नाही. स्वस्त सेटमध्ये आतली फ्रिक्वेन्सी 455 किलोहर्ट्झ असते, त्यामुळे जोरदार स्टेशन त्याच्या खऱ्या जागेपासून 910 किलोहर्ट्झ खाली परत उमटतं. एकदा कळलं की त्रास होत नाही, वहीत लिहून ठेवायचं की ही खरी आणि ही सावली. आता एक्सएचडेटाचा डी-219 सारखे सेट आलेत, बाहेरून काट्याचे आणि आत चिप, दोन पेन्सिल सेल, त्यात हा सावलीचा प्रकारही फारसा नाही. टेकसनचे 310 वगैरे त्याच जातकुळीतल्या चिपवर चालतात, फक्त वर आकडे आणि बटणं आहेत. तुम्ही चार हजार त्या बटणांचे देताय.

खरं दुखणं घरातला गोंगाट. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, आता छपरावर सोलर, प्रत्येकजण शॉर्टवेव्हवर घुंईंईं करत असतो. माझं गाव माण तालुक्यात, आमच्याकडे रात्री लाईट गेली की त्याच पडेल रेडिओवर असं स्वच्छ लागतं की विचारू नका, लाईट आली की परत माशांचं पोळं. तेव्हा मला कळलं की सेट बिचारा चांगला होता. लोक लोडशेडिंगला शिव्या देतात, मी रेडिओ घेऊन चिंचेखाली जातो.

दहा रुपयांची क्रोकोडाइल क्लिप आणि सात-आठ मीटर साधी वायर घ्या, एक टोक रेडिओच्या दांड्याला, दुसरं घरापासून लांबच्या झाडाला. विजा चमकत असतील तर काढून ठेवायची. एवढ्यात जो फरक पडतो तो पाच हजारांच्या सेटनेही पडत नाही.

मस्कतची खजूर:
वायरच्या बाबतीत थोडं जपून. मी मस्कतला असतो, बीबीसीचं रिले केंद्र आमच्याच ओमानमध्ये असीलाला आहे, तिथून तुमच्याकडे पाठवतात. जोरदार स्टेशनं असली की लांब वायरने स्वस्त सेट भांबावतो, सगळीकडे सगळंच ऐकू येतं. तीन मीटरपासून सुरुवात करा. बाकी 310 बद्दल एक तक्रार, या चिपवाल्या सेटांवर कमजोर स्टेशन खाली गेलं की आवाजच गिळतात, खरखरीतून शब्द वेचायची ज्यांना सवय आहे त्या जुन्या माणसांना ते फार टोचतं. माझ्या सासऱ्यांना टोचलं. त्यांनी आठ दिवसांत परत दिला, म्हणाले हा मध्येच झोपतो.

उगाचच:
बघा, म्हणजे आधी लाईट घालवायची, मग झाडावर चढायचं, मग वहीत सावल्या लिहायच्या, आणि शेवटी ऐकायचं काय तर किम साहेबांचं भाषण. एवढ्या वेळात ॲपवर अख्खी मैफल ऐकून होते. आणि फुकटात हौस भागवायची असेल तर नेदरलँडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर ब्राऊजरमध्ये उघडा, शून्य ते 29 मेगाहर्ट्झ सगळं, स्वतःचा काटा स्वतः फिरवा.

खरखरप्रेमी:
ट्वेंटेवर ट्वेंटेचं आकाश ऐकू येतं, कराडचं नाही. तोच तर मुद्दा आहे ना राव.

पाटीवरचा खडू:
अवांतर वाटेल पण बाबांना नक्की काय ऐकायचंय ते कोणी विचारलं का? आमच्या वडिलांनी "शॉर्टवेव्हवाला पाहिजे" म्हणून आमचा जीव खाल्ला, आणला तर दिवसभर पुणे केंद्र. त्यांच्या पिढीला सकाळी सुधा नरवणेंच्या आवाजातल्या प्रादेशिक बातम्यांची सवय होती, त्यांच्या लेखी तोच रेडिओ. तसं असेल तर मीडियमवेव्ह (पुणे केंद्र वगैरे लागतं तो पट्टा) कसा आहे ते बघून सेट घ्या, त्यात 310 खरंच चांगला आहे.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. बाहेरून मागवलेला सेट बऱ्याचदा अमेरिकेच्या हिशोबाने 10 किलोहर्ट्झच्या उड्या मारतो, आपल्याकडे 9 च्या उड्या लागतात. अस्मिता वाहिनी 558, पुणे 792, पणजी 1287, सगळ्यांना नऊने भाग जातो बघा. सेटिंग बदललं नाही तर 790 वर थांबेल आणि तुम्ही म्हणाल सेट खराब.

माळ्यावरचा:
@पाटीवरचा खडू विचारलं. उत्तर: "सगळंच." म्हणजे मदत शून्य.

पण चिंचेखालच्यांचं मनावर घेतलं. मागच्या आळीतल्या एका काकांकडे 310 निघाला (!!), तो दोन दिवस मागून आणला आणि तोच नऊशेचा डबा शेजारी ठेवून काल रात्री गच्चीत बसलो. लाईट चालू असताना दोन्हीवर नुसता भुंग्यांचा आवाज, 310 वर जरा मंजूळ भुंगे. मग बाबा उठले, काही न बोलता खाली गेले आणि मेन स्विच पाडला. 31 मीटरच्या पट्ट्यात, 9400 ते 9900 किलोहर्ट्झच्या मध्ये मी सहा स्टेशनं मोजली, डब्यावरसुद्धा चार लागली, त्यातली एक सावली असणार धरून चाला. बाबांनी कुठलीशी अरबी गाणी लावली आणि वीस मिनिटं हललेच नाहीत. ते गिळण्याचं म्हणाल तर दोनदा झालं, त्यांना लक्षात आलं पण त्यांनी दांडा हलवला आणि ऐकत बसले.

310 च घेतोय. माझं मत बदललं नाही, पण डबा फेकून देणार होतो तो आता ठेवतोय, आणि वायर पण घेतो, तीन मीटर.

तेवढ्यात खाली आईची मालिका ऐन कोर्टाच्या सीनला बंद पडली होती ते आम्हाला कळलं नाही.

चिंचेखालचा:
तिला पॉवर बँकवर चालणारा छोटा टीव्ही बघा. त्याचा गोंगाट किती येतो तेही इथे कळवा.