मानमोडी म्हणजे प्लेग की दुसरंच काही?

वहीवाला
आमचं गाव माण तालुक्यातलं, शे-सव्वाशे उंबऱ्यांचं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून काढायचं काम माझ्याकडे आलंय, ग्रामपंचायत त्याची लहानशी पुस्तिका काढणार आहे. अडचण अशी की इथे कुणीच सन सांगत नाही. ‘जळितात’, ‘भूकंपाच्या हिवाळ्यात’, ‘बहात्तरला’ असंच बोलतात. जळीत म्हणजे गांधीहत्येनंतरचं, १९४८. भूकंप कोयनेचा, डिसेंबर १९६७. तिथवर ठीक. ‘मानमोडी’पाशी मात्र गाडी अडली. आजी म्हणायची, “मानमोडीत सासूबाईंची थोरली जाऊ गेली, त्या साली पाऊस पण नव्हता.” मी ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ समजत होतो. पुस्तिका तपासणारे निवृत्त गुरुजी म्हणतात, मानमोडी म्हणजे प्लेगच, मानेला गाठ यायची म्हणून तसं नाव. त्यांनी परस्पर कंसात ‘प्लेग’ लिहूनही टाकलंय. तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात?

दफ्तरी
१९१८ चीच. मुंबईत जूनमध्ये आली, खरा कहर केला तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला, म्हणजे तुमच्या आजींचं वाक्य अगदी चपखल बसतं. अंग मोडून यायचं, मान धरायची, म्हणून मानमोडी. प्लेगची गाठ बहुतेकदा जांघेत नाहीतर काखेत. शिवाय प्लेग मुंबईत १८९६ ला, पुण्यात ९७ ला आणि मग खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं फिरत राहिला. ‘प्लेगात’ म्हणणाऱ्याला कुठला प्लेग ते विचारावं लागतं. ‘मानमोडीत’ म्हणणाऱ्याला कशाला विचारायचं? १९११ ते १९२१ हे एकच दशक असं की जनगणनेत देशाची माणसं कमी भरली, ती मुख्यतः हिच्यामुळे.

कऱ्हाकाठ
गुरुजींना इतक्या झटक्यात खोडू नका हो. माझी आत्या सांगायची, “मानमोडी आली, उंदीर पडायला लागले, अख्खं गाव माळावर गेलं.” आता उंदीर पडले म्हणजे प्लेगच ना? बोलणाऱ्यानं दोन्ही साथी एका पोत्यात भरल्या असतील, पण आमच्या गावात शब्द तसाच चालायचा. वापर हाच अर्थ.

दफ्तरी
वापर हाच अर्थ म्हटलं तर उद्या कुणी पटकीलाही मानमोडी म्हणेल. मग इतिहास कशाच्या आधारानं लिहायचा?

लेकुरवाळी
‘उंदीर पडला’ वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरात हे शब्द उच्चारायचे नाहीत, उंदीर मेला तरी ‘गेला’ म्हणायचं. पणजीच्या वेळी उंदीर पडला की दोन दिवसांत भांडीकुंडी घेऊन शेतात खोपी घालायच्या आणि घराला कडी लावायची. माझ्या मुलींना यातला ‘पडला’ कळतच नाही, त्या विचारतात, कुठून पडला?

जुन्नरी
जरा वेगळा मुद्दा. आमच्या जुन्नरला मानमोडी नावाचा डोंगर आहे, बौद्ध लेणी आहेत त्यावर. तिथल्या शिलालेखात ‘मानमुकड’ असं नाव येतं. म्हणजे शब्द मुळात डोंगराचा. त्या भागातून साथ पसरली असेल आणि नाव चिकटलं असेल. बॉम्बे फीव्हर म्हणायचेच की.

दफ्तरी
लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, साथ १९१८ ची, आणि बोटीनं मुंबईत उतरलेला ताप जुन्नरच्या डोंगरावर जाऊन नाव घेऊन आला? मान आणि मोडणे हे दोन साधे शब्द समोर दिसत असताना?

जुन्नरी
साधं दिसतं तेच खरं असतं असं नाही, एवढंच म्हणतोय.

शुद्धमती
मूळ प्रश्नाला हात घालत नाही, पण वहीवाले, पुस्तिकेत ‘साथ’ लिहा, ‘महामारी’ नको. कोरोनापासून वर्तमानपत्रांनी हिंदीच्या नादानं महामारी महामारी लावलंय. आपल्याकडे साथ येते, साथ पसरते, साथीचे आजार असतात.

कऱ्हाकाठ
महामारी हिंदी? मग मरीआई कुठली? जरीमरी कुठली? वेशीबाहेर दगडाला शेंदूर फासून बसवलेली ती मरी मराठी नव्हे काय? पटकीला वाखा म्हणत, तोही शब्द गेला, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

शुद्धमती
मरीआई देवी आहे, बातमीची भाषा नव्हे. आणि ‘टाळेबंदी’ला माझी काहीच हरकत नाही, तो उत्तम शब्द आहे.

भोंगा
टाळेबंदीला माझी हरकत आहे. मी लालबागचा. आमच्याकडे टाळेबंदी म्हणजे मालकानं गिरणीला टाळं ठोकणं. कामगार करतो तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. २०२० मध्ये सरकारनं ‘टाळेबंदी’ म्हटल्यावर आमच्या मजल्यावरच्या जुन्या माणसांना वाटलं, आता कुणाची गिरणी उरलीय बंद करायला? चाळीत सरळ लॉकडाऊन म्हणत. आमचे सन विचाराल तर दोनच: संपाआधी आणि संपानंतर. संप म्हणजे ८२ चा, हे सांगावं लागत नाही.

बालाघाटी
मराठवाड्यात तसंच ‘रझाकारीत’. आणि १९९३ नंतर आमच्या लातूर-उस्मानाबादकडे भूकंप म्हटलं की किल्लारी, कोयना कुणाच्या डोक्यातही येत नाही. वहीवाले, कंसात सन टाकताना एवढं सांभाळा.

वहीवाला
सगळ्यांचे आभार, पण मानमोडी! दफ्तरींनी आधार विचारला म्हणून सांगतो, तहसीलमध्ये आमच्या गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, पाहायला मिळालं. कुणबी नोंदींच्या शोधात जुनी दफ्तरं बाहेर निघालीत, त्याचा हा फायदा. नोंदी मोडी लिपीत, वाचून देणारे एक गृहस्थ भेटले. १९१८ च्या आश्विन-कार्तिकात पानंच्या पानं मृत्यू, बरेचसे ऐन उमेदीतल्या बायाबापड्यांचे. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ओळीनं एकच शब्द: ‘ताप’. मानमोडी नाही, प्लेग नाही, इन्फ्लुएंझा नाही. गुरुजी म्हणतात, ताप प्लेगलाही येतोच.

दफ्तरी
तापच लिहिणार. बऱ्याच ठिकाणी त्या साथीचे मृत्यू ‘ताप’ या खात्यावरच पडले. लिहिणाऱ्याला रोगाचं नाव कोण सांगणार होतं? पण प्लेग असता तर तो शब्द तोवर वीस वर्षं जुना होता, सरकार त्याच्या नावानं टोचत होतं, तपासण्या करत होतं. तो लिहिला गेला असता. आणि ऐन उमेदीतली माणसं गेली म्हणताय, ही त्या साथीची खूणच आहे.

कऱ्हाकाठ
नोंद लपवतही असत. प्लेग म्हटलं की घर मोकळं करायला लावायचे.

खडीफोड
वाचतोय कधीचा. बहात्तरच्या दुष्काळाचं कुणी पुढे नेईल म्हणून थांबलो होतो. वहीवाले, ‘बहात्तरला’ म्हणजे काय ते तुमच्या नव्या पोरांना कळणार आहे का? सुकडी लिहा, मिलो लिहा, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आई रोजगार हमीवर खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची. मिलोच्या लाल भाकरीचा तुकडा पडायचा, थापली जायची नाही. त्या मिलोबरोबरच गाजरगवत आलं.

दफ्तरी
दोन दुरुस्त्या. ७२ ला होती ती दुष्काळी कामं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल १९७९ च्या २६ जानेवारीपासून. तासगावात वि. स. पागे यांनी १९६५ ला प्रयोग केला होता, पण तुमच्या आईंच्या हातातला हातोडा दुष्काळी कामाचा. आणि गाजरगवत पुण्यात १९५० च्या दशकातच दिसलं होतं. मिलोवर त्याचा आळ नको.

खडीफोड
कायदा कधी का होईना, आई ‘हमीवर’ म्हणायची. तिची आठवण मी सुधारून लिहू का?

शुद्धमती
सुकडी हा शब्द ‘सुकं’वरून. कोरडं खाणं ते सुकडी.

लेकुरवाळी
गुजरातीत सुखडी असते की! गूळपापडीसारखी. तिकडूनच आली असणार.

शुद्धमती
प्रत्येक शब्द बाहेरूनच यायला हवा का?

खडीफोड
आमच्या सुकडीला पापडी म्हणण्याजोगं काही नव्हतं. भाजलेलं पीठ, गोडसर, तेलाचा वास. पोरं मुठीत धरून पळायची. बरं, खडी मोजायची ती बराशीत, शंभर घनफूट म्हणजे एक बरास. आता वाळूवाले ‘ब्रास’ म्हणतात. माझ्या मते मूळ शब्द आपला, साहेबानं तो बिघडवला.

दफ्तरी
उलटं आहे.

खडीफोड
पुरावा द्या.