मदत हवी आहे: मुंबई–गोवा क्रूझवर बाल्कनीत जेवण

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मुंबई–गोवा क्रूझला जायचंय. बाल्कनीत बसून निवांत जेवायची त्यांची फार इच्छा आहे. जहाज 16 नॉटनं चाललं तरी ताशी 30 किलोमीटरचा वारा त्याच्या वेगानंच लागतो. जाताना संध्याकाळचा वायव्येचा वारा पाठीशी, म्हणून सुसह्य. परतताना तोच समोरून येणार, मग पापड, कागदी रुमाल उडणार आणि वरण-भात लगेच गार. म्हणून जातानाच, सूर्यास्ताला जेवायचं ठरवतोय. त्यासाठी उजवीकडचीच केबिन हवी, डावीकडे किनारा येतो.

बाल्कनीतल्या टेबलावर दोन ताटं मावतात का, की चहाच्या कपांपुरतंच असतं? रूम सर्व्हिसचं जेवण झाकून येतं का? मागच्या टोकाच्या बाल्कनीत वारा कमी लागतो, पण धुराचा त्रास होतो का? कृपया अनुभवी मंडळींनी सांगा.