मदत हवी आहे (कोविडकाळातली पोस्ट): आईची अमेरिकावारी आणि टेस्टचा घोळ

मंडळी, आई दोन वर्षांनी ताईकडे न्यू जर्सीला निघालीय. आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारला. विमान मुंबईहून, रात्री दीडचं. ६ डिसेंबर २०२१ पासून अमेरिकेला कोविड टेस्ट तीन दिवसांऐवजी फक्त एक दिवस आधीची लागते (ही अट जून २०२२ पर्यंतच होती). इथे करून गाडीने निघालो आणि रिपोर्ट लटकला तर? की मुंबईतच करावी?

दुसरी पंचाईत: कोविशील्ड लशीच्या सर्टिफिकेटवर नुसतं आईचं नाव, पासपोर्टवर मात्र बाबांचं नाव, आडनाव सगळं. कोविनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) पासपोर्ट जोडायचाय, पण नावाची दुरुस्ती एकदाच होते म्हणे, म्हणून हात धजत नाही. लिलो चिवडा (बडोद्याचा ओला चिवडा) आणि भाकरवडी मात्र आईने कधीच वजन करून बॅगेत भरलीय! नुकतंच कुणी गेलंय का?