संस्कृत कोशाच्या कामाला मुलीला पाठवावं का?

प्रश्न: लेक संस्कृतात एमए झाली. पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शब्दकोशाचं काम करायचं म्हणते. सासूबाई म्हणतात, त्यात पुढे काय? कुणाला अनुभव?

येरवडेकर: मी तिथे काम केलंय, ताई. बिनधास्त पाठवा! १९४८पासून चाललेलं काम आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या शब्दप्रयोगांच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या कपाटांच्या खणांत आहेत. शब्दाचे प्रयोग ऋग्वेदापासून कालक्रमाने लावायचे. एकेका शब्दात दिवस जातो, अडलं की शेजारच्या टेबलावर वाद रंगतो. अशी तालीम वर्गात मिळत नाही. नोकरीचं म्हणाल तर नेट-सेटची (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांची) तयारी सोबत करू द्या.

विधी कॉलेज रस्ता: भांडारकर संस्थाही दाखवा. महाभारताची चिकित्सक आवृत्ती (जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) तिथलीच, १९१९ ते १९६६.

प्रश्नकर्ती: सोमवारी दोघी येरवड्याला जातो.