मदत हवी आहे : दुखणं प्युडेंडल नर्व्हचं (गुदद्वार-जननेंद्रियाच्या भागाची नस) की ऑब्च्युरेटर इंटर्नसचं (तिच्या शेजारचा पेल्व्हिसमधला स्नायू)? ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) आधी द्यावा का?

रुग्ण ४२ वर्षांचा, चोपड्याकडचा ट्रॅक्टरचालक. पाच महिने उजवीकडे गुदद्वारापासून अंडकोशाच्या मागच्या बाजूपर्यंत जळजळ. बसलं की पंधरा मिनिटांत वाढते, उभं राहिलं की उतरते. कमोडच्या सीटवर जवळपास नसतेच. दुखण्याने रात्री जाग येत नाही.

एस २ ते एस ४ (या भागाला संवेदना देणाऱ्या मज्जारज्जूच्या नसा) टाचणीने दोन्ही बाजू सारख्या, गुदद्वाराचा रिफ्लेक्स आणि टोन ठीक. गुदमार्गातून इश्चियल स्पाइनपाशी (ही नस जिथून जाते ते हाडाचं टोक) दाबलं की नेमकं तेच दुखणं उठतं. पण शेजारचा ऑब्च्युरेटर इंटर्नसही ताठ आणि दुखरा. घोळ इथेच आहे. लघवीनंतर शिल्लक ३० मिली. शुगर, लघवीची तपासणी, कंबर आणि पेल्व्हिसचा एमआरआय नॉर्मल. प्रेगाबालिन ७५ मिग्रॅ दोनदा, सहा आठवडे : फरक थोडा, गुंगीच जास्त.

प्युडेंडल नर्व्हच्या दुखण्याच्या निदानासाठीच्या पाच नान्त निकषांतले चार जुळतात, उरला ब्लॉकने आराम पडणं. ब्लॉकसाठी नाशिकला पाठवावं लागेल. रोजंदारी बुडते, म्हणून फेरी एकच. ब्लॉकनंतर तो भाग बधिर झाल्याची टाचणीने खात्री करून मगच बसवून बघायचं, हे धरलंय. पण औषध स्नायूत पसरून आराम पडला, तर तो नसेचा की स्नायूचा, हे कसं ओळखता? की आधी सहा आठवडे स्नायूवर मॅन्युअल थेरपी करून पुन्हा तपासावं?