मदत हवी आहे : गच्चीवरच्या सौर पेटीतून गोडे पाणी फार कमी निघते

नमस्कार मंडळी,

वाघोलीच्या पुढे आमचे बैठे घर आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) १,४०० च्या आसपास असल्याने पिण्यासाठी जार विकत घ्यावा लागतो. आरओमध्ये जेवढे पाणी मिळते त्याहून अधिक मोरीत जाते, हे मनाला पटेना. म्हणून मार्चमध्ये गच्चीवर एक चौरस मीटरची पेटी बांधली. तळाला काळा रंगवलेला पत्र्याचा ट्रे, त्याखाली थर्माकोल, वर १९ अंशांत कललेली काच आणि काचेच्या खालच्या कडेला पन्हळ, एवढेच तिचे स्वरूप आहे. उन्हाने ट्रेमधल्या पाण्याची वाफ होते, ती काचेवर थंड होते आणि थेंब घरंगळून पन्हळीत जमतात.

एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला साधारण ६ युनिट (एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल) ऊर्जा पडते, म्हणजे कागदावर दिवसाला ९ लिटर. तेवढे कोणालाच मिळत नाही. चिलीमध्ये लास सालिनास येथे १८७२ साली उभारलेल्या अशाच काचेच्या पेट्यांचा उतारासुद्धा चौरस मीटरला पाच लिटरांच्या आतच होता. माझ्या पन्हळीत मात्र जेमतेम दीड लिटर जमते.

ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर, म्हणजे ५० लिटर पाणी भरत होतो; सकाळचे सगळे ऊन ते नुसते तापवण्यातच खर्ची पडते, असा माझा अंदाज आहे. म्हणून थर्माकोलच्या पाटीवर काळे सुती कापड ताणून, त्याच्या कडा पाण्यात सोडून ती तरंगत ठेवली, जेणेकरून पृष्ठभागावरचे थोडेच पाणी तापावे. पहिले तीन दिवस सव्वादोन लिटर मिळाले. चौथ्या दिवशी कापडाच्या मध्यावर पांढरी खपली धरली, जिच्यावर लिंबू पिळले की फेस येतो आणि नखाने खरवडली तर कापडाचे धागेच निघतात. शिवाय काचेच्या आतल्या बाजूचे थेंब वाटाण्याएवढे होऊन पन्हळीपर्यंत न पोहोचता मधेच टपकतात.

कापडाला भोके पाडल्यास क्षार पुन्हा खालच्या पाण्यात उतरतील का? थेंब टपकतात ते काचेच्या तेलकटपणामुळे की उतार कमी पडल्यामुळे?

अमेरिकेतील एमआयटी व शांघायमधील संशोधकांनी २०२० मध्ये दहा थरांच्या उपकरणातून चौरस मीटरला तासाला ५.७८ लिटर पाणी मिळवले व कार्यक्षमता ३८५ टक्के नोंदवली. हा आकडा मला आधी छपाईची चूक वाटला. पण एका थरातील वाफ थंड होताना सोडते ती उष्णता पुढच्या थराला पुन्हा वापरता येते, हे नंतर ध्यानात आले. कोणी घरगुती साहित्यातून असे दोन-तीन थर रचले असल्यास थरांमधील अंतर किती ठेवले आणि कापड कोणते वापरले, ते कृपया सांगावे. पावसाळा लागण्याआधी पेटी उघडून पुन्हा बांधायचा विचार आहे.